धानाघरचा तोतया

आमच्या भंडारा जिल्ह्यात दिवाळी येते ती धानाच्या वासाबरोबर. हलके धान तोवर कापून झालेले असते, भारी धान बांध्यांतून पिवळे होऊ लागलेले असते, आणि फराळाच्या ताटात पोह्यांचा चिवडा असतो. पोहे म्हणजे पांढरे, तांदूळ म्हणजे पांढरा, ही आपली नित्याची समजूत. परंतु गावच्या गिरणीतून आलेला नवा तांदूळ सुपात घेऊन गृहिणी निवडायला बसली, की पांढऱ्या दाण्यांत मधूनच एखादा तांबूस दाणा डोळ्यांत भरतो. काही वेळा तो एखाद्या जुन्या तांबड्या वाणाचा असतो. पण पुष्कळदा तो दुसऱ्याच एका कुळातला असतो, आणि त्या कुळाची हकीगत वाचकांना सांगावी असे मी योजले आहे. हकीगत काही हजार वर्षांची आहे. तिच्यात वेषांतर आहे, घरभेद आहे, आणि तिचा निकाल अजून लागायचा आहे.

मराठी वाचकाला तोतया हा शब्द नवा नाही. पानिपतावर १७६१ साली सदाशिवराव भाऊ पडले, आणि पुढे कित्येक वर्षांनी 'मीच भाऊ' म्हणत एक गृहस्थ उभा राहिला. त्याने कोकणात बंड केले, किल्ले घेतले, आणि शेवटी १७७६ साली त्याला देहदंड झाला. चेहरा, चालणे, बोलणे सारखे; फक्त रक्त वेगळे. धानाच्या बांधीतही असाच एक तोतया उभा असतो. पान तेच, खोड तेच, फुटवे तसेच. आषाढात पाहाल तर धान कोणते आणि तो कोणता हे जन्म शेतीत गेलेल्या माणसालाही सांगवत नाही. लोंबी बाहेर पडली की मात्र त्याचे खरे रूप उघडे होते. तो बहुधा धानापेक्षा उंच जातो, त्याच्या दाण्याला अनेकदा लांब कुसळ असते, आणि धान पिकण्याच्या आधीच त्याचा दाणा खाली गळून जातो. कापणाऱ्याच्या विळ्याला नुसती काडी लागते.

जवाहरनगरात राहणाऱ्या माणसाला या तोतयाची नावे गोळा करायला दूर जावे लागत नाही. दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्याभोवती वसलेली ही आमची वसाहत. इथे देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे नोकरीला येतात, आणि त्यांची मुले आमच्या वर्गांत एका बाकावर बसतात. रायपूरकडचा मुलगा या झाडाला 'करगा' म्हणतो. केरळातले लोक 'वरिनेल्लु' म्हणतात. समुद्रापलीकडे मलेशियात त्याचे नाव 'पादी आंगिन', म्हणजे वाऱ्याचे धान. वाऱ्याची झुळूक आली की दाणा गळतो म्हणून. शेजारच्या छत्तीसगढाचा आणि आपला शेतीचा व्यवहार जुना असल्यामुळे मी या लेखात करगा हाच शब्द वापरणार आहे.

करग्याचे बळ तीन गोष्टींत आहे. पहिली, दाणा गळणे. जो दाणा कापणीपूर्वी मातीत पडला तो खळ्यावर आला नाही, आणि जो खळ्यावर आला नाही तो माणसाच्या पोटात गेला नाही. दुसरी, झोप. आपले धान ओलावा मिळताच उगवते. करग्याचे काही दाणे मातीत पडून राहतात आणि पुढच्या, किंवा त्याच्याही पुढच्या, पावसाळ्यात जागे होतात. एका वर्षाच्या निंदणीने तो संपत नाही याचे कारण हेच. तिसरी गोष्ट म्हणजे त्याचे धानासारखे दिसणे, आणि ही तिसरी गोष्ट, पुढे दिसेल की, त्याला आपणच शिकवली आहे.

तर मग हा आला कोठून? जुने उत्तर असे की तो रानटी आहे. तळ्यांच्या काठाने, डबक्यांतून, दलदलीतून आपोआप उगवणारा एक भाताचा जातभाई आहे; महाराष्ट्रात त्याला देवभात म्हणतात. माणसाने नांगरले नाही, पेरले नाही, म्हणून ते देवाचे. छत्तीसगढात असल्याच आपोआप उगवणाऱ्या भाताला पसहर म्हणतात, आणि हलषष्ठीच्या व्रताला बायका नांगराखालचे अन्न वर्ज्य करून तोच शिजवतात. आपल्याकडे ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, त्याच्याच नात्यातली ही चाल. हे देवभात शेतात शिरले, त्याचा आपल्या धानाशी संकर झाला, आणि करगा जन्मला, अशी शास्त्रज्ञांची बराच काळ समजूत होती. ती खोटी नव्हती. पण ती अपुरी होती.

ती कशी अपुरी, हे समजण्यासाठी भाताच्या माणसाळण्याचा इतिहास थोडक्यात पाहिला पाहिजे. रानातल्या भाताचा दाणा पिकला की गळतो. त्याशिवाय त्याचा वंश कसा चालणार? परंतु लोंबी कापून घरी नेणाऱ्या आदिमानवाच्या हाती न गळलेले दाणेच अधिक येत. त्यांतलेच तो पुढच्या साली पेरी. असे शेकडो पिढ्या चालले. चीनमधील यांगत्से नदीच्या खोऱ्यात आणि पुढे आपल्या गंगेच्या खोऱ्यात, काही हजार वर्षांच्या या निवडीतून न गळणारे, न झोपणारे, पांढऱ्या दाण्याचे धान तयार झाले. कोणी ठरवून केलेले नव्हे. विळा आणि खळे यांनी मिळून केलेले.

या निवडीच्या खुणा धानाच्या पेशीत अजून लिहिलेल्या आहेत. जनुक हा शब्द आता शाळेच्या पुस्तकांतही आला आहे; त्याला कुळाच्या बखरीतील एक ओळ समजा. २००६ साली शास्त्रज्ञांनी दाणा गळण्याशी संबंधित असे एक जनुक शोधून काढले आणि त्याला 'एसएच४' असे नाव दिले. रानटी भाताच्या आणि आपल्या धानाच्या या ओळीत एका अक्षराचा फरक आहे. त्या एका अक्षराने दाण्याच्या देठाशी असलेली तुटण्याची रेघ अर्धवट राहते, आणि दाणा लोंबीला धरून बसतो. त्याच वर्षी दाण्याच्या रंगाचे जनुकही कळले. तांबड्या दाण्यातील या ओळीची १४ अक्षरे गळाली, आणि तांदूळ पांढरा झाला. म्हणजे आपण ज्याला शुभ्र म्हणून अक्षतांना घेतो तो तांदूळ, बखरीच्या भाषेत बोलायचे तर, एका गाळलेल्या शब्दाचे फळ आहे.

आता तोतयाच्या चौकशीला आपल्या हाती पुरावा आला. करगा जर निव्वळ रानातून आला असेल, तर त्याच्या बखरीत गळण्याची ओळ रानटी असली पाहिजे. ही तपासणी प्रथम नीट झाली ती अमेरिकेत. तिथे भात हे मूळचे पीक नव्हे, आणि आशियातले देवभात तिथे रानात उगवत नाही. तरीही कॅरोलिनाच्या भातशेतीत तांबड्या दाण्याच्या या तणाची तक्रार १८४६ साली नोंदलेली आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की अमेरिकेतल्या करग्याचा दाणा गळतो खरा, पण त्याच्या 'एसएच४' या ओळीत अक्षर आहे ते घरच्या धानाचे! खळ्यावरचा शिक्का त्याच्या अंगावर तसाच आहे. म्हणजे त्याचे पूर्वज एकदा माणसाच्या घरी नांदले होते; पुढे त्यांनी दुसऱ्याच जनुकांच्या वाटेने गळण्याची विद्या पुन्हा मिळवली. २०१७ साली त्यांच्या संपूर्ण बखरीचे वाचन झाले, तेव्हा तिथल्या करग्याची दोन मुख्य घराणी निघाली, आणि त्या दोघांचेही मूळ आशियातल्या शेतातील धानांत सापडले. त्यातले एक घराणे 'आऊस' धानांचे. आऊस म्हणजे बंगालकडचे पावसाळी, लवकर येणारे धान. गंमत अशी की ही धाने अमेरिकेत पीक म्हणून कधी रुजली नव्हती. कोणत्या तरी बियाण्याच्या पोत्यात मिसळून, कोणाच्या ध्यानी न येता, हे प्रवासी सातासमुद्रापार गेले असले पाहिजेत.

२०२० साली १६ देशांतील ५२४ करग्यांची अशीच तपासणी प्रसिद्ध झाली. तिचा निष्कर्ष असा की धान घर सोडून पळाले ते एकदाच नव्हे आणि एकाच देशात नव्हे. निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या वाणांतून, पुन्हा पुन्हा पळाले. आपल्या दक्षिण आशियात चित्र आणखी गुंतागुंतीचे आहे. इथे पळालेले धानही आहे, आणि शेताच्या कडेला देवभात जिवंत असल्यामुळे त्याचे रक्तही मिसळलेले आहे. एकाच बांधीतले दोन करगे दोन वेगळ्या कुळांचे असू शकतात.

भाऊसाहेबांचा तोतया हा परका माणूस घरचा म्हणून उभा राहिला होता. करग्याची गोष्ट उलटी निघाली. हा घरचाच मुलगा, परका होऊन परतलेला. कारखान्याच्या कुंपणापलीकडच्या एका शेतात निंदण करणाऱ्या म्हातारीला मी एकदा विचारले, "आजी, हा करगा म्हणजे रानातलाच ना?" तिने हातातली मूठ बांधावर टाकली आणि म्हणाली, "नाही जी गुर्जी, हा घरचाच हाय. बांधीत जेवते, पर खळ्यावर येत नाही." शास्त्रज्ञांना ज्याकरिता बखरीची कोट्यवधी अक्षरे वाचावी लागली ते तिने एका वाक्यात सांगितले होते.

आता आपल्या प्रदेशाच्या इतिहासाकडे वळू. १९५६ पर्यंत भंडारा हा नागपूर-रायपूरकडच्या मुलखाबरोबर एकाच प्रांतात होता. आधी मध्य प्रांत व वऱ्हाड, मग मध्य प्रदेश. प्रांत एक, पीक एक; परंतु धान लावण्याच्या रीती दोन. छत्तीसगढात बी फेकून पेरण्याची रीत मोठी. वैनगंगेच्या खोऱ्यात कोहळ्यांनी बांधलेल्या तळ्यांचे पाणी हाताशी होते, म्हणून इथे पऱ्हे टाकून रोवणी करण्याची चाल चांगली रुजली. पावसाच्या भरवशावरच्या जमिनीत आवत्या, म्हणजे फेकपेर, इथेही होतीच. या दोन रीतींचा करग्याशी फार जवळचा संबंध आहे. रोवणीच्या आधी चिखलणी होते, तिच्यात आधी उगवलेला करगा गाडला जातो. मग बांधीत पाणी उभे राहते, त्याखाली मागाहून येणाऱ्याला डोके वर काढणे जड जाते. आणि धानाचे रोप वयाने मोठे असते, त्यामुळे त्याच्या पायाशी उगवलेले कोवळे पोर परके म्हणून ओळखू येते. फेकपेरीत धान आणि करगा एकाच दिवशी उगवतात, एकाच उंचीचे असतात, आणि निंदणाऱ्या बाईचा हात कोणावर टाकावा या विचाराने थबकतो.

बियाण्याची बाजूही होती. मालगुजारीच्या काळात गरीब कुळाला पेरणीचे धान कोठीतून सवाई-दिढीने उसने आणावे लागे. उसने बी निवडून कोण देतो? अशा बियाण्यातून करगा शेतोशेती फिरला असल्यास नवल नाही. मालगुजारी १९५१ साली गेली. मिश्र बियाणे तेवढ्याने गेले नाही.

फेकपेरीच्या मुलखातील या संकटावर मध्य प्रांताच्या शेती खात्याने एक मोठा चतुर उपाय काढला. बी. बी. दवे यांचा मध्य प्रांतातील रानधानाचा प्रश्न आणि त्यावरील तोडगा या विषयावरील निबंध १९४३ साली प्रसिद्ध झाला. युक्ती लहान मुलाला समजेल अशी होती. हिरव्यात हिरवे ओळखू येत नाही ना? मग धानच जांभळ्या पानाचे पेरा! जांभळे तेवढे ठेवायचे, हिरवे तेवढे उपटायचे. लिहिता-वाचता न येणाऱ्या मजुरालाही चुकता येऊ नये असा हा नियम. पुढे रायपूरच्या कृषी विद्यापीठाने जांभळ्या पानाचे 'श्यामला' नावाचे वाण काढले, तेही याच विचाराच्या परंपरेतले.

१९४३ हे साल सहज विसरण्यासारखे नाही. त्या वर्षी बंगालात दुष्काळाने लाखो माणसे अन्नावाचून मेली. त्याच वर्षी जानेवारीत रशियातल्या सारातोव्ह गावच्या तुरुंगात निकोलाय वाव्हिलोव्ह हा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ मरण पावला. पिकांची मूळ घरे शोधत जगभर हिंडलेल्या या माणसाने दाखवून दिले होते की शेतकरी तण निवडून काढत राहिला, की जे तण पिकासारखे दिसते तेवढेच वाचते, आणि पिढ्यांमागून पिढ्या ते पिकाची नक्कल अधिकाधिक हुबेहूब करू लागते. राय हे धान्य गव्हाच्या शेतात असेच तण म्हणून वाढले आणि शेवटी स्वतःच पीक होऊन बसले, असे त्याचे म्हणणे. त्याला कैदेत टाकणाऱ्यांना हे कळले नाही. करग्याला मात्र ते शिकवावे लागले नाही.

कारण जांभळ्या धानाचे पुढे काय झाले ते पाहा. भाताचे फूल बहुतेक आपल्याच परागाने फळते. परक्याशी संकर होण्याचे प्रमाण सामान्यतः शेकड्याला एकाहूनही कमी. पण बांधीत लोंब्या हजारो असतात. एखाद्या करग्याला जांभळ्या धानाचा पराग लागला, आणि त्याचे पोर जांभळ्या पानाचे निघाले. निंदणाऱ्या बाईने नियमाप्रमाणे हिरवे उपटले आणि या जांभळ्या पोराला धान समजून सोडले. त्याचा दाणा गळला, मातीत झोपला, पुढच्या वर्षी जागा झाला. काही वर्षांतच करगाही जांभळा दिसू लागला! पिकांच्या इतिहासाच्या ग्रंथांतून भारतातली ही हकीगत तणाच्या नकलेचे ठळक उदाहरण म्हणून आली आहे. तोतयाला ओळखण्यासाठी आपण घरच्यांना जांभळे अंगरखे शिवले, आणि तोतया त्याच शिंप्याकडून अंगरखा शिवून आला.

हेच नाटक साठ वर्षांनी अमेरिकेत पुन्हा झाले. २००२ साली तिथे एका विशिष्ट तणनाशकाने न मरणारे भाताचे वाण बाजारात आले. औषध फवारा, करगा मरेल, भात उभा राहील, असा हिशेब होता, आणि प्रारंभी तो बरोबरही आला. पण थोड्याच वर्षांत औषधाला न जुमानणारा करगा शेतांत दिसू लागला. ते बळ त्याने पुष्कळ ठिकाणी भाताशी संकर होऊन घेतले होते. जांभळा रंग काय आणि औषध सोसण्याची ताकद काय, घराच्या तिजोरीची एक किल्ली घरच्या माणसाजवळ नेहमीच असते.

हा सारा इतिहास मी सणाच्या दिवसांत का उगाळतो, असे कोणी विचारील. कारण आपल्याकडे रोवणी महाग होत चालली आहे. वाकून चिखलात रोप लावण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी केले. त्यांच्या कमरेवर हा जिल्हा जेवला. आता मजूर मिळत नाहीत, पाऊस लहरी झाला आहे, आणि पाणी व मजुरी वाचवणारी थेट पेरणी पुन्हा शहाणपणाची वाटू लागली आहे. २०२१ साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची 'पुसा बासमती १९७९' आणि 'पुसा बासमती १९८५' ही थेट पेरणीसाठीची, तणनाशक सोसणारी वाणेही आली. मलेशियात रोवणी सोडून थेट पेरणी सुरू झाल्यावर १९८८ च्या सुमारास पादी आंगिनचा उपद्रव पुढे आला, हा अनुभव आपल्यापुढे आहे. थेट पेरणी करू नये, असे मी म्हणत नाही. ज्याची कंबर चिखलात वाकत नाही त्याने दुसऱ्याच्या वाकलेल्या कमरेचे गोडवे गाऊ नयेत. परंतु रोवणी ही नुसती लावणी नव्हती. ती शतकानुशतके चाललेली राखणही होती. राखणदार उठवायचा, तर त्याच्या जागी कोण बसणार हे आधी ठरवले पाहिजे.

ते कोण बसेल? स्वच्छ बियाणे बसेल, पिकांची आणि वाणांची फेरपालट बसेल, पेरणीपूर्वी करगा उगवू देऊन नांगरून टाकण्याची जुनी सवय बसेल. पण या सर्वांच्या वर माणसाचा डोळा बसला पाहिजे. आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड या गावी, दादाजी खोब्रागडे नावाचे जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेले शेतकरी होते. १९८३ साली 'पटेल ३' धानाच्या बांधीत त्यांना पिवळसर दाण्यांच्या तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या. दुसऱ्याने त्या भेसळ म्हणून उपटल्या असत्या, किंवा पाहिल्याच नसत्या. दादाजींनी त्या जपल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षे निवडल्या, आणि त्यांतून 'एचएमटी' हे बारीक तांदळाचे धान निघाले, जे आज आपल्या ताटात आहे. २०१८ साली ते वारले. आपल्या बांधीत वेगळे दिसणारे प्रत्येक झाड शत्रू नसते, आणि सारखे दिसणारे प्रत्येक झाड मित्र नसते. ते ओळखणारा डोळा कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

धान आणि करगा हे दोघे एकाच आईचे. एकाला आपण खळ्यावर नेले, दुसरा मातीत लपून राहिला, आणि दोघांनाही घडवणारा हात एकच, आपला. जो दाणा आपण निवडला तो धान झाला. जो आपल्या नजरेतून निसटला तो करगा झाला. नजर जेवढी ढिली, तेवढे त्याचे राज्य मोठे. या दिवाळीत सुपातला तांबडा दाणा चिमटीत आला, तर टाकून देण्यापूर्वी तो क्षणभर मुलांना दाखवा. आपल्या दहा हजार वर्षांच्या संसारातून रुसून गेलेला, आणि तरीही दर पावसाळ्यात घरी येणारा असा तो नातलग आहे.